बटाट्याचे वेफर्स लाल होतात, रताळ्याचे मऊ पडतात. नक्की काय चुकतंय?

मुलुंडकरीण
नमस्कार मंडळी. आषाढी तीन आठवड्यांवर आलीय. सासूबाई ७९ वर्षांच्या, साबुदाणा त्यांना आता पचत नाही, वरीचा भात आवडत नाही, आणि या वर्षी त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितलीय, घरी तळलेले बटाट्याचे आणि रताळ्याचे वेफर्स. विकतचे आणले असते पण त्यांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलंय आणि विकतच्या पाकिटातलं मीठ काही आपल्या हातात नसतं.

आतापर्यंत तीनदा केले. पहिल्यांदा बटाटे खिसणीवर पाडले, धुतले, पुसले, मध्यम आचेवर तळले. मिनिटभरात कडा लाल, मग तपकिरी, चव कडवट आणि मधे मऊच. दुसऱ्यांदा तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवले, तरी तेच. तिसऱ्यांदा रताळी घेतली. ती तर तेलात पडताच रंग धरतात, बाहेर काढल्यावर छान वाटतात आणि दहा मिनिटांत वातड! सासूबाईंनी तरी चार खाल्ले आणि "चव चांगलीय गं" म्हणाल्या, पण त्यांना चावताना त्रास होत होता ते मला दिसत होतं. एकादशीच्या आधी मला हे जमवायचंच आहे. सविस्तर सांगा प्लीज, काहीही गृहीत धरू नका.

शेवग्याची_शेंग
खिसणीचं पातं बदला. बोथट पात्याने एक बाजू जाड एक बाजू पातळ पडते, मग कड जळते आणि मधे कच्चं राहतं.

पार्ल्याची_आजी
मुलुंडकरीण, मी पन्नास वर्षं करतेय म्हणून जरा लांबण लावते. बटाटा जुना घ्यायचा, ज्याचं साल नखाने सहज निघत नाही असा. नव्या बटाट्यात पाणी फार, तो तेल पितो. सोलून थेट पाण्यातच टाकायचे, नाहीतर काळे पडतात. वेफर्सही पाण्याच्या पातेल्यावर खिसणी धरून पाण्यातच पाडायचे. मग पाणी बदलत राहायचं, पहिलं पाणी दुधासारखं असतं, तिसरं-चौथं निवळशंख आलं पाहिजे. ते पांढरं म्हणजे पिठूळपणा, तो राहिला तर चकत्या एकमेकींना चिकटतात आणि तेलाचा तळ गढूळ होतो.

मग जुनी सुती साडी किंवा पंचा पसरून त्यावर एकेक सुटी चकती मांडायची आणि पंख्याखाली अर्धा तास. पुसायचं म्हणजे वरवर टिपायचं नाही, चकतीचा चकचकीतपणा गेला पाहिजे. आमच्याकडे हे काम मुलांचं असायचं, चकती गालाला लावून बघायची, थंड ओलसर लागली की अजून थांब.

तळणीतला_माणूस
आजींशी शंभर टक्के सहमत. त्यात तळणीचं जोडतो. कढईत तेल भरपूर आणि घाणा छोटा, एका वेळी मूठभर. मूठभरापेक्षा जास्त टाकलं की तेल धाडकन गार होतं, मग चकत्या तळल्या न जाता तेलात शिजत बसतात. बटाट्याला तेल १७० ते १८० अंशाच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर एक चकती टाकून बघा, खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आली पाहिजे.

आणि घड्याळ बघू नका, बुडबुडे बघा. बुडबुडे म्हणजे बटाट्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं, ते जवळजवळ सगळं जायला हवं. सुरुवातीला खळखळ मोठा आवाज, मग कमी, शेवटी झाऱ्याने हलवलं की कोरडी खुळखुळ ऐकू येते. ती आली की काढा. रंगावर गेलात तर फसाल.

मुलुंडकरीण
@तळणीतला_माणूस हेच तर होत नाहीये ना! बुडबुडे थांबायच्या आधीच रंग लाल होतो. थांबले तर जळतात आणि काढले तर मऊ. आच कमी करून पाहिली, तेलकट झाले.

डोंबिवली_फास्ट
ताई, एवढा खटाटोप कशाला. लालबागच्या चिवडा गल्लीत जा, ताजे तळलेले मिळतात, बटाट्याचा सळीचा चिवडापण घ्या. आम्ही दर एकादशीला तिथूनच आणतो.

मुलुंडकरीण
@डोंबिवली_फास्ट लालबागचा चिवडा मलाही आवडतो, माझं माहेर परळचं. पण मिठाचं काय करू? प्रश्न तोच आहे.

रसायनवाला
एक विचारू? तुम्ही बटाटे घरात कुठे ठेवता?

मुलुंडकरीण
फ्रिजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. टोपलीत ठेवले की या हवेत आठ दिवसांत कोंब येतात म्हणून.

रसायनवाला
मग सापडलं. तुमच्या हातात, खिसणीत, तेलात कशातच दोष नाही, बटाट्यात साखर आहे.

बटाटा जिवंत असतो. काढल्यानंतरही तो श्वास घेत असतो. त्याला ४-५ अंशाच्या थंडीत ठेवला की तो स्वतःतल्या स्टार्चचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायला लागतो. भाजी करताना हे फारसं कळत नाही, जरा गोडसर लागते एवढंच. पण गरम तेलात गेल्यावर हीच साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांबरोबर जुळते आणि तपकिरी रंग, कडवट चव तयार होते. या प्रक्रियेला मायार प्रक्रिया म्हणतात, फ्रेंच शास्त्रज्ञ मायारने १९१२ साली मांडली होती. म्हणजे चकतीतलं पाणी उडून जायच्या आधीच रंग पुढे पळतो. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी हेच.

बर्फाच्या पाण्याने वरचा स्टार्च जातो, आतली साखर जात नाही. म्हणून दुसऱ्या खेपेलाही फरक पडला नाही.

आणि हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाहीये. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की असे पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, ते कर्करोगाला कारण ठरू शकतं अशी शंका आहे, आणि ते याच साखरेच्या आणि एका अमिनो आम्लाच्या जोडीतून. वयस्कर माणसासाठी करताय तर वेफर फिक्या सोनेरी रंगावरच काढा, तपकिरी झालेले बाजूला टाकून द्या.

गिरगावकर
पण रसायनवाला साहेब, मी बटाटे कधीच फ्रिजमध्ये ठेवत नाही, भाजीवाल्याकडून आणले की दुसऱ्या दिवशी वेफर्स. तरी यंदा लालच होतायत. मार्चमध्ये याच पद्धतीने पांढरेशुभ्र झाले होते.

वाशी_मार्केट
याचं उत्तर मी देतो, आमचा तीन पिढ्यांचा कांदा-बटाट्याचा धंदा. तुम्ही नाही ठेवला फ्रिजमध्ये, पण तो फ्रिजमधूनच आलाय. उत्तरेकडचा आणि गुजरातचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. तेव्हा तुम्ही खाल्लात तो ताजा. त्यानंतर तो शीतगृहात जातो, खायच्या बटाट्याचं शीतगृह साधारण २ ते ४ अंशावर असतं, आणि जून-जुलैत मुंबईत येतो त्यातला बराचसा माल तिथलाच. आपल्याकडचा, म्हणजे आंबेगाव-खेडकडचा, सातगाव पठारचा खरिपाचा बटाटा पावसाळ्यात लावतात, तो नवरात्र-दिवाळीच्या सुमारास येतो. आषाढीला बरोब्बर मधला काळ सापडतो.

वेफर्सवाले यासाठी वेगळा माल घेतात. तो १०-१२ अंशावर ठेवलेला असतो, त्याला कोंब येऊ नयेत म्हणून औषधाचा धूर देतात. बाजारात त्याला "शुगर फ्री" म्हणतात. नावावर जाऊ नका, मधुमेहाशी संबंध नाही, बटाट्यात स्टार्च असतोच. पण तळणीला पांढरा राहतो. जातीचं म्हणाल तर चिप्सोना विचारा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने चिप्सोना-१ आणि २ या जाती १९९८ मध्ये खास वेफर्ससाठी आणल्या. या जातींच्या नावाआधी "कुफरी" लागतं, ते सिमल्याजवळचं गाव.

तुमच्या भाजीवाल्याला सरळ सांगा, "वेफर्सचा बटाटा पायजे." पक्का असेल तर त्याला कळतं. पाच-सहा किलो घेत असाल तर आधी दोनच बटाटे न्या, घरी चार चकत्या तळून बघा, रंग चांगला आला तर परत जा. आमच्याकडे गिऱ्हाईक असंच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलुंडकरीण
हे मला कोणी कधीच सांगितलं नव्हतं! म्हणजे मी बटाट्याला स्वतःच्या हाताने गोड करत होते. फ्रिजमध्ये दोन किलो पडलेत, त्यांचं काय करू आता?

रसायनवाला
बाहेर काढा, अंधाऱ्या हवेशीर जागी गोणपाटावर पसरा, दोन आठवडे ठेवा. बरीचशी साखर परत स्टार्चमध्ये जाते किंवा श्वसनात खर्च होते. पूर्ण पहिल्यासारखा होईलच असं नाही पण रंगात फरक पडतो. कोंब आले तर खुडून टाका, हिरवं झालेलं मात्र फेकूनच द्या. तरीही लाल झाले तर पुढचा उपाय, उकळत्या पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून चकत्या मिनिटभर बुडवायच्या, काढून पसरायच्या. गरम पाण्यात साखर बाहेर येते आणि आंबटाने रंग धरायचा वेग मंदावतो, चकती मोडतही नाही.

पार्ल्याची_आजी
अरेच्चा, म्हणून आम्ही वाळवणाच्या वेफर्सना तुरटी फिरवायचो! सासूबाई म्हणायच्या तुरटीने वेफर्स मोडत नाहीत. कारण आज कळलं.

रसायनवाला
हो आजी, तुरटी पेशींमधला जोड घट्ट ठेवते. फक्त फिरवण्यापुरतीच बरं, जास्त झाली की तुरट लागतं.

चाळकरी
आजींनी वाळवण काढलं आणि मी एकदम १९८० च्या आसपास जाऊन पोचलो. आमची चाळ काळाचौकीला. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की गच्चीवर पाळी लागायची, आज बर्व्यांचे वेफर्स, उद्या सावंतांच्या कुरडया, परवा आमचे पापड. सकाळी सहाला बायका पातेली घेऊन वर. चकत्या मिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकडलेल्या, साड्यांवर पसरायच्या, कडेला दगड ठेवायचे. आम्हा पोरांचं काम राखण. काळी छत्री उघडून मधोमध ठेवली की कावळे येत नाहीत असं सांगायचे, यायचेच. दुपारी अर्धवट वाळलेले वेफर्स खायची जी मजा होती ती तळलेल्यात नाही, बाहेरून चिवट, आत मऊ, खारट. संध्याकाळपर्यंत साडीवर मधे मधे टक्कल पडलेलं असायचं आणि आई विचारायची, कावळे फार होते का रे आज?

आता तिथे बावीस मजली टॉवर आहे. गच्ची आहे, पण कुलूप आहे. आईने दोन वर्षांपूर्वी विचारलं तर कमिटीने सांगितलं वाळत घालायला परवानगी नाही. तिने खिडकीच्या ग्रीलमध्ये ताटात एक किलोचे केले. वाळले, पण ती म्हणाली याला ऊन लागलं नाही, वारा लागला फक्त.

नंदिनी_बोरिवली
चाळकरी, डोळ्यात पाणी आलं. आमच्या मजल्यावर गुजराती शेजारीण आहेत, त्या याला कातरी म्हणतात. त्या सेक्रेटरीच्या आईला घेऊन गेल्या किल्ली मागायला. मिळाली. दरवर्षी मार्चमध्ये दोन रविवार आमच्या विंगच्या सात बायका वर असतात. आईंना सांगा, एकट्याने मागू नका, मोठ्या बायकांना पुढे करा.

चाळकरी
सांगतो. येत्या मार्चला आम्हीही तसंच करू.

बेळगावची_लेक
सगळे बटाट्यावरच बसलेत, रताळ्याकडे कोणी बघेना! मुलुंडकरीण, मी रताळ्याच्या गावची, आमच्याकडून मुंबईला रताळी जातात. रताळ्यात साखर जन्मजातच आहे, त्यामुळे त्याला बटाट्याचे नियम लावलेत की हमखास फसणार.

एक, रताळं नुकतं खणलेलं घ्या. ठेवलेलं रताळं दिवसागणिक गोड होतं, उकडून खायला ते छान पण वेफर्सला नाही. ताज्याचं टोक मोडलं की पांढरा चीक येतो, तो बघा. लाल सालीचं आत पांढरं, लांबट, सरळ आणि कडक घ्या. फ्रिजमध्ये रताळं कधीच नाही, गारठ्याने आत लाकडासारखा गड्डा होतो जो शिजतच नाही.

दोन, चकती बटाट्यापेक्षा किंचित पातळ. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्यातून काढून पंख्याखाली.

तीन, आणि हे महत्त्वाचं, आच बटाट्यापेक्षा कमी. तेल तापवायचं, गॅस बारीक करायचा, मग चकत्या सोडायच्या. बुडबुडे कमी झाले की चकती अजून वाकते तेव्हाच काढून चाळणीत पसरा. सगळे घाणे असे फिके करून घ्या. मग शेवटी तेल थोडं जास्त तापवून दुसऱ्यांदा, मोजून पंधरा-वीस सेकंद. काढल्यावर लगेच कुरकुरीत नसतात, गार झाल्यावर होतात. तिथेच लोक घाबरून पुन्हा तेलात टाकतात आणि काळे करून ठेवतात.

रसायनवाला
@बेळगावची_लेक फार छान लिहिलंत. एकच भर. रताळ्याच्या चकत्या उकळत्या पाण्यातून काढायच्या असतील तर पाणी खरंच खळखळ उकळतं हवं आणि मिनिटभरच. कोमट-गरम पाण्यात ठेवून देऊ नका. साधारण ६० ते ७५ अंशाला रताळ्यातलं एक विकर (एन्झाइम) स्टार्चची भराभर माल्टोज साखर करतं. मंद भट्टीत भाजलेलं रताळं एवढं गोड का लागतं त्याचं कारण हेच. वेफर्सना तेच नकोय.

तळणीतला_माणूस
लाकडासारखा गड्डा! गेल्या वर्षी भाजीवाल्याशी भांडलो होतो त्यावरून. रताळी फ्रिजमध्ये मीच ठेवली होती. उद्या जाऊन त्याची माफी मागतो.

शब्दवेडी
थोडं अवांतर लिहू का? "बटाटा" हे नाव मुळात रताळ्याचं आहे! कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेत रताळ्याला बटाटा म्हणत. युरोपियांना रताळं आधी भेटलं, बटाटा नंतर अँडीज पर्वतातून आला आणि पोर्तुगीजांनी त्याच नावाने त्यालाही हाक मारली. तेच नाव मराठीत येऊन बसलं, गुजरातीतही बटाका. खरं तर दोघांचं काही नातं नाही, बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला आणि रताळं गारवेलीच्या. फुलं बघा, रताळ्याचं फूल थेट गारवेलीसारखं जांभळट कर्णा असतं. पेरूची राजधानी लिमा इथे १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र निघालं, ते दोन्हींवर काम करतं. आत केशरी असलेल्या रताळ्यात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, त्यावर केलेल्या कामासाठी तिथल्या तिघांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कारही मिळालाय.

म्हणजे मुलुंडकरीण, तुम्ही ताटात दोन बटाटेच वाढणार आहात, एक मूळचा आणि एक नावाचा.

गिरगावकर
बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही तिकडचा. आपल्या उपवासाचं अख्खं ताट समुद्र ओलांडून आलंय.

वारकरी_विलेपार्ले
सगळ्यांचं वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण मनातलं बोलतो, राग मानू नका. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते असंच होतं. माझे वडील एकादशीला दूध आणि एक फळ, बस. तळणीचा घाट घातला की दिवस स्वयंपाकघरात जातो, नामस्मरण कधी करायचं?

पार्ल्याची_आजी
तुमच्या वडिलांना नमस्कार. मीही साठीपर्यंत निर्जळी करायचे. पण ७९ वर्षांच्या बाईला गोळ्या घ्यायच्या तर पोटात काही हवं, आणि तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी एकादशीचं रांधलंय. आता सून तिच्यासाठी बटाटे पुसतेय. विठोबाला ते पोचत असेल असं मला वाटतं.

वारकरी_विलेपार्ले
आजी, पटलं. मी ७९ कडे लक्ष दिलं नव्हतं. मुलुंडकरीणताई, सासूबाईंना माझा राम कृष्ण हरी सांगा.

वसईकर
आमच्या वसईत राजेळी केळ्यांचे वेफर्स करतो त्यातली युक्ती सांगतो. मीठ वरून भुरभुरायचं नाही, पाण्यात विरघळवून चमचाभर पाणी तळणीच्या शेवटी शेवटी तेलात सोडायचं. केरळी लोक हळद-मीठ घालून असंच करतात. मीठ सगळीकडे सारखं लागतं.

नंदिनी_बोरिवली
@वसईकर कृपया हे घरी नको! माझ्या मोठ्या जावेच्या हातावर असंच तेल उडालं होतं, महिनाभर पट्टी होती. हलवायांची कढई खोल आणि रुंद असते, हातात लांब झारा असतो, त्यांचा हात बसलेला असतो. आपल्या गॅसच्या शेगडीवर, मागे मुलं फिरतायत, नको.

वसईकर
बरोबर आहे, माझ्याकडे मोठी लोखंडी कढई आणि अंगण आहे म्हणून जमतं. फ्लॅटमध्ये करू नका.

रसायनवाला
मिठाचं सोपं आहे. सैंधव मिक्सरमधून पिठीसारखं करा. गरम वेफर्सवर गाळण्याने चिमूटभर. बारीक मीठ जिभेवर लगेच विरघळतं त्यामुळे निम्म्यातही खारट लागतं. बीपीवाल्यांसाठी हे फार उपयोगी आहे, पण सैंधव आहे म्हणून जास्त चालतं असं नाही, तेही मीठच.

आयटीवाला_पवई
एअर फ्रायरमध्ये होतात का?

तळणीतला_माणूस
होतात पण पातळ चकत्या आत उडतात आणि एकावर एक चिकटतात. त्यापेक्षा मायक्रोवेव्ह. पुसलेल्या चकत्यांना तेलाचा हात लावून ताटलीत सुट्या मांडायच्या, तीन-चार मिनिटं, मधे एकदा उलटायच्या, शेवटी दर वीस सेकंदांनी बघायचं. एका वेळी बारा-पंधराच होतात. एका माणसासाठी ठीक.

शेवग्याची_शेंग
तळून झाल्यावरचं कोणी बोललंच नाही. या पावसात वेफर्स उघड्यावर ठेवलेत की अर्ध्या तासात सादळतात. पूर्ण गार होऊ द्या, पण पंख्याखाली नाही, बंद ओव्हनमध्ये किंवा झाकलेल्या परातीत. मग लगेच घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. कोमट असताना भरलेत तर आतल्या आत वाफ धरते आणि रात्रीत सगळं वातड. मोठ्या एका डब्यापेक्षा छोटे चार बरे, उघडाल तो संपवायचा.

मुलुंडकरीण
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. तुमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही करून बघितलं, म्हणून नीट लिहिते.

फ्रिजमधले दोन किलो बटाटे माळ्याखाली गोणपाटावर ठेवले. बारा दिवसांनी चार चकत्या तळल्या, पहिल्यापेक्षा नक्की फिके पण कडेला लालसर झाक राहिलीच. मग लिंबाच्या उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढले, तेव्हा झाक गेली. हे आम्ही घरच्यांनी चहाबरोबर संपवले.

एकादशीसाठी मात्र वाशी_मार्केट यांनी सांगितल्याप्रमाणे भाजीवाल्याला "वेफर्सचा बटाटा" म्हटलं. तो हसला, म्हणाला "ताई, आधी का नाही बोलल्या," आणि मागच्या गोणीतून काढून दिला. दहा रुपये किलोमागे जास्त. काय सांगू, पहिली चकती तेलातून वर आली ती हस्तिदंती रंगाची! बुडबुडे थांबेपर्यंत थांबले, आजी, तुमचं गालाला लावून बघणंही केलं, आणि ती कोरडी खुळखुळ ऐकू आली. एक किलोचे जेमतेम पाव किलोच्या वर भरले.

रताळ्याचा पहिला घाणा चुकला, आच मोठी राहिली. दुसऱ्यापासून बेळगावच्या ताईंच्या शब्दाप्रमाणे, वाकतात तेव्हाच काढले, चाळणीत ठेवले, शेवटी वीस सेकंद. काढले तेव्हा मऊ होते आणि माझा जीव खालीवर. दहा मिनिटांनी यांनी एक उचलून मोडला तर कटकन आवाज आला. सासूबाई देवासमोर बसल्या होत्या, तिथून विचारलं, "झाले वाटतं?"

बेळगावची_लेक
वा!! आवाज आला म्हणजे जमलं. त्यांना आवडले का ते सांगा.

मुलुंडकरीण
आवडले. रताळ्याचे जास्त. त्यांच्या माहेरी रताळ्याच्या गुळातल्या काचऱ्या व्हायच्या, त्याची आठवण झाली म्हणाल्या, पण याला गूळ नाही तरी गोड कसं? मी त्यांना शब्दवेडी यांची पोस्ट वाचून दाखवली. मूळचा बटाटा रताळंच हे ऐकून त्यांनी ताटातला रताळ्याचा वेफर उचलून बराच वेळ बघितला. आणि वारकरी दादा, त्यांनी तुम्हाला उलट राम कृष्ण हरी सांगितलाय.

एक राहिलंच. तळलेलं तेल गाळून ठेवलंय, साधारण तीन वाट्या. रताळ्याचा वास आहे त्याला. फोडणीला वापरू की पुन्हा तळणीला?

पार्ल्याची_आजी
फोडणीला वापर आणि आठवड्यात संपव. तळणीला पुन्हा नको. बटाट्याच्या काचऱ्या कर त्यात, छान लागतात.

वाशी_मार्केट
आणि ताई, राहिलेला बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका हो!

मुलुंडकरीण
नाही ठेवला दादा. गोणपाटावरच आहे.